उन्हाळी, मुतखडा आणि अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात मूत्रविकारांवरच्या नव्या संशोधनाचं जे पान आलं, ते मी दुकानातच, दुपारच्या सामसुमीत दोनदा वाचलं. लेसरने खडा कसा फोडतात, रोबोटच्या मदतीने प्रोस्टेटची शस्त्रक्रिया कशी होते, हे सगळं नीट समजेल असं लिहिलं होतं. मी डी. फार्म. (औषधनिर्माणशास्त्राची पदविका) झालेला माणूस आहे. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला एका मेडिकलमध्ये २३ वर्षं काउंटरवर उभा आहे. माझ्यासमोर रोज जे लोक येतात, त्यांच्या कामाचं संशोधन मात्र त्या पानात कुठेच नव्हतं. ते झालेलं आहे, मोठमोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत छापलेलंही आहे. ते आपल्या वाचकांपर्यंत पोचावं एवढ्यासाठी हे पत्र. थोडं लांबेल, पण कृपया पूर्ण वाचावं.

आमच्या भागात तेलुगू घरातल्या बायकांना अक्का म्हणायची पद्धत आहे. अशीच एक अक्का, पस्तिशीच्या आतबाहेरची, विड्या वळणारी. दर दीड-दोन महिन्यांनी यायची. पदराच्या गाठीतून गोळ्यांची रिकामी पट्टी काढायची, काउंटरवर ठेवायची आणि आवाज एकदम खाली आणून म्हणायची, "दादा, उन्हाळी लागलीय. लई जळजळ होऊलालंय. ह्यातल्याच तीन द्या." उन्हाळी म्हणजे जंतूंमुळे लघवीला होणारी जळजळ. तंबाखूने तिच्या बोटांची टोकं काळी पडलेली असायची. दुकानात दुसरं पुरुष गिऱ्हाईक असलं, तर ती बाहेर पायरीवर थांबायची. तो गेल्याशिवाय आत यायची नाही.

मी त्या तीन गोळ्या देत असे. हे मी आज लपवत नाही. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणार, तपासणीची फी वेगळी. त्या हिशेबापुढे मी गप्प बसायचो. त्याचं फळ मला पुढे एका कागदावर दिसलं. ती शेवटी लघवीचा कल्चर रिपोर्ट घेऊन आली. त्या रिपोर्टमध्ये औषधांच्या नावांसमोर एस किंवा आर लिहितात. एस म्हणजे जंतू त्या औषधाने मरतात, आर म्हणजे मरत नाहीत. मी वर्षानुवर्षं ज्या जातीच्या गोळ्या तीन-तीन करून दिल्या, त्या सगळ्यांसमोर आर होतं. नायट्रोफ्युरँटोइन आणि फॉस्फोमायसिन एवढ्या दोनच नावांपुढे एस उरलं होतं. त्या दिवसापासून चिठ्ठीशिवाय मी लघवीच्या जंतूची गोळी कुणालाही दिलेली नाही.

त्या दिवशी मी तिला पहिल्यांदाच विचारलं, "अक्का, दिवसभरात पाणी किती पिता?" म्हणाली, "सकाळी चहा. जेवताना एक ग्लास. मधी पिऊन कसं चालंल? उठावं लागतंय की." संडास चाळीच्या टोकाला, तोही चार घरांत एक, कुलूप-किल्ली शेजारणीकडे. जाऊन, हातावरचा तंबाखू धुऊन परत सूप मांडीवर घेईपर्यंत पंचवीस विड्या जातात, हा तिचा हिशेब. हजार भरल्याशिवाय कारखान्यात माल देता येत नाही. म्हणून ती सकाळी दहापासून पाणीच तोडायची.

आता संशोधन ऐका. २०१८ साली अमेरिकेतल्या 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. बल्गेरियाच्या सोफिया शहरात १४० बायका निवडल्या होत्या. सगळ्यांची मासिक पाळी चालू होती, सगळ्यांना वर्षात तीन किंवा जास्त वेळा उन्हाळी लागत होती आणि सगळ्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पीत होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यांच्या दोन तुकड्या केल्या. एका तुकडीला सांगितलं, नेहमीचं जे पिता ते प्याच, त्यावर रोज दीड लिटर पाणी जास्त प्या. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या, प्रत्येक जेवणाबरोबर एक सुरू करायची आणि पुढच्या जेवणाआधी संपवायची. दुसऱ्या तुकडीने काहीच बदल करायचा नव्हता. वर्षभर दोन्ही तुकड्यांवर लक्ष ठेवलं. जास्त पाणी पिणाऱ्या बायकांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, दुसऱ्यांना ३.२ वेळा. म्हणजे जवळजवळ निम्मा. अँटिबायोटिकचे कोर्सही १.९ विरुद्ध ३.६, तिथेही निम्मेच. हा प्रयोग बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीच्या पैशातून झाला, हेही वाचकाला सांगायला हवं. पण नळाचं स्वच्छ पाणी पोटात गेलं तरी काम तेच होतं: लघवी पातळ होते, वरचेवर होते आणि मूत्राशयाच्या भिंतीला चिकटू पाहणारे जंतू वाढायच्या आत धुऊन जातात. लघवी तासन्‌तास धरून ठेवली, की त्याच जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो.

माझ्या अक्कासारख्याच या बायका. हे वाचल्यावर मला रात्री झोप लागली नव्हती. जिला मी इतकी वर्षं गोळ्या विकल्या, तिला कदाचित अर्ध्या वेळा त्यांची गरजच पडली नसती.

पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या मी तिला दुकानातून दिल्या. तिने त्या पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "दादा, हे पिऊन जायचं कुठं?" सोफियातल्या प्रयोगात हा प्रश्न कुणाला पडला नसेल. सोलापुरात तो पहिला पडतो. घरी विड्या वळणाऱ्या बायकांना पडतो, यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरणाऱ्यांना पडतो, टॉवेलची शिलाई करणाऱ्या, धागे तोडणाऱ्या पोरींना पडतो. अक्कलकोट रोडच्या बाजूच्या अशा एका कारखान्यातल्या दोघी-तिघी माझ्याकडे येतात. तिथे मुतारी आहे, पण एकच, पुरुषांची आणि बायकांची मिळून, आणि दाराला आतून कडी नाही. एकजण आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. मग दोघींचं काम थांबतं, मुकादम ओरडतो. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी वेगळी मुतारी ही मालकाची जबाबदारी ठरलेली आहे. विडी कारखान्यांसाठी १९६६ चा वेगळा कायदा झाला, त्यातही हे होतं. एक कडी बसवायला किती खर्च येतो?

मुतखड्याचं सांगतो, कारण तो मी स्वतः भोगला आहे.

वैशाख चालू होता. रात्री दोनच्या सुमाराला कमरेतून कळ निघाली आणि जांघेत उतरली. बसवेना, आडवं होववेना. मी फरशीवर गुडघे टेकून पलंगाच्या लाकडावर कपाळ दाबून धरलं होतं, ते लाकूड अजून आठवतं. सकाळी सोनोग्राफीत ६ मिलिमीटरचा खडा मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत, दिसला. आईने हुलग्याचं माडगं केलं, शेजाऱ्यांनी पानफुटीची पानं आणून दिली. माडगं मी आवडीने प्यायलो, त्यातलं पाणी कामी आलं असं मानतो. दहा-बारा दिवसांनी खडा आपोआप पडला. मग सगळ्यांनी सांगितलं, दूध, दही, ताक बंद कर, खडा कॅल्शियमचा असतो. मी बंद केलं. औषधाच्या दुकानात उभा राहणारा माणूस मी, आणि गिऱ्हाइकांनाही तेच सांगत राहिलो. तीन वर्षांत दुसरा खडा झाला.

इटलीतल्या पार्मा शहरातल्या डॉक्टरांनी ही समजूत तपासून निष्कर्ष २००२ मध्येच छापले होते. ज्यांच्या लघवीतून कॅल्शियम जास्त जातं आणि खडे पुन्हा पुन्हा होतात, असे १२० पुरुष घेतले. ६० जणांना दूधदुभतं कमी करायला लावलं. उरलेल्या ६० जणांना नेहमीसारखं दूधदुभतं ठेवून मीठ आणि मांस कमी करायला लावलं. पाच वर्षांत दूध तोडलेल्यांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, मीठ-मांस कमी केलेल्यांपैकी १२ जणांना. कारण असं, की बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि दोन्ही शौचावाटे बाहेर पडतात. दूध-दही तोडलं की ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात जातं आणि लघवीत उतरतं. आणि मीठ जितकं जास्त, तितकं लघवीतून कॅल्शियम जास्त जातं.

ही गोष्ट आमच्या ताटाला तंतोतंत लागू पडते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे सोलापूरकराचं रोजचं खाणं. शेंगदाण्यात ऑक्झलेट बऱ्यापैकी असतं आणि चटणीत मीठ सढळ हाताने पडतं. वर लोणचं, पापड, मिरचीचा ठेचा. आपल्या आज्या शेंगाचटणीवर दही घालून द्यायच्या. खड्याच्या भीतीने आपण नेमकं ते दहीच काढून टाकलं आणि मीठ तसंच ठेवलं! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळ्या पदार्थांतलं मिळून. मी आता चटणीत अर्धं मीठ घालायला सांगितलं आहे आणि वाटीभर दही परत ताटात आलं आहे.

त्याच पार्मातल्या डॉक्टरांचा १९९६ चा एक अभ्यास त्याहून साधा आहे. पहिल्यांदा खडा झालेले १९९ लोक. एका तुकडीने रोज दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायचं, दुसरीने नेहमीसारखं राहायचं. पाच वर्षांनी पहिल्या तुकडीत शंभरातल्या १२ जणांना पुन्हा खडा झाला, दुसरीत २७ जणांना. इथे मोजमाप लघवीचं आहे, प्यायलेल्या पाण्याचं नाही, हे लक्षात घ्या. पारा ४२-४३ वर गेला की प्यायलेलं पाणी घामातूनच जातं. मागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली बारा तास उभं राहणाऱ्या माणसाने तीन लिटर पाणी प्यायलं, तरी लघवी जेमतेम एक लिटर होऊ शकते.

मी मोजून बघितलं. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन धुऊन घेतला आणि एका रविवारी सकाळी सहा ते सोमवारी सकाळी सहा सगळी लघवी त्यात धरली. मी स्वतःला भरपूर पाणी पिणारा समजत होतो. मोजपात्राने मोजली तर ८५० मिली भरली. रंग मोहरीच्या तेलासारखा. तेव्हापासून दुकानात काउंटरखाली तांब्या असतो, आणि रात्री झोपताना एक ग्लास, मध्ये लघवीला उठलो तर परत एक. रंग पाण्यात दोन थेंब लिंबू पिळावं इतका फिका दिसला पाहिजे. कॅनचा प्रयोग मी गिऱ्हाइकांनाही सांगतो. आधी हसतात, पण जे करतात ते दुसऱ्या दिवशी आकडा सांगायला येतात. मागांची देखभाल करणारा एक जॉबर आला होता, त्याचा आकडा ६०० होता.

आता संशोधनातली दुसरी बाजू, जी वर्तमानपत्रात जवळजवळ कधीच येत नाही. जे औषध चालतं असं वाटत होतं आणि तपासल्यावर चाललं नाही, त्याची बातमी होत नाही. खडा खाली पडावा म्हणून टॅम्सुलोसिन सर्रास लिहून दिलं जातं. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या ११०० हून जास्त रुग्णांवरचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. चार आठवड्यांत पुढचा कुठलाही उपाय करावा लागला नाही असे, साधी, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत शंभरात ८० निघाले आणि टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांत ८१. पाच मिलिमीटरहून मोठा आणि अगदी खालच्या टोकाला आलेला खडा असेल तर या गोळीचा उपयोग होतो, असं दाखवणारे अभ्यासही आहेत, म्हणून तुमच्या डॉक्टरने दिली असेल तर माझ्या पत्रावरून बंद करू नका, त्यांना विचारा. पुन्हा खडा होऊ नये म्हणून हायड्रोक्लोरोथायझाइड ही गोळी जगभर कित्येक दशकं वापरात होती. २०२३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात स्वित्झर्लंडमधल्या ४१६ रुग्णांवर तीन वेगवेगळ्या मात्रांत ती तपासली. खोट्या गोळीच्या तुलनेत ठाम म्हणता येईल असा फरक दिसला नाही.

आणि डी-मॅनोज, ही एक प्रकारची साखरच. उन्हाळी परत लागू नये म्हणून याच्या पुड्या हल्ली आमच्याकडे खूप खपतात. दहा पुड्यांच्या डब्याची किंमत हजार विड्यांच्या मजुरीहून जास्त आहे. २०२४ मध्ये छापून आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात ५९८ बायकांनी सहा महिने रोज एकतर डी-मॅनोज घेतलं किंवा तशीच दिसणारी फळांतली साखर (फ्रुक्टोज). औषध घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के बायका त्रासामुळे परत डॉक्टरकडे गेल्या, साखर घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के. संशोधकांनी निष्कर्ष काढला की हे वापरू नये. ही बातमी मराठीत छापून आली असती, तर माझ्यासमोरच्या कितीतरी बायकांचे पैसे वाचले असते. क्रॅनबेरीची बाजू थोडी बरी आहे, २०२३ पर्यंतचे ५० अभ्यास एकत्र पाहिल्यावर वारंवार त्रास होणाऱ्या बायकांना तिचा काही फायदा दिसतो. पण परवडायचं कुणाला?

प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी वाढलेल्या, काकांसाठी दोनच गोष्टी. प्रोस्टेट लहान करणारी फिनास्टेराइडसारखी गोळी काम करायला महिने घेते. २००३ मध्ये छापून आलेल्या, अमेरिकेत ३०४७ पुरुषांवर सरासरी साडेचार वर्षं चाललेल्या अभ्यासात, ही गोळी आणि लघवीची वाट सैल करणारी दुसरी गोळी मिळून घेणाऱ्यांचा आजार वाढण्याचा धोका खोट्या गोळीच्या तुलनेत दोन तृतीयांशांनी कमी झाला. आमचे काका पट्टी संपली की "फरक नाही" म्हणून थांबवतात. दुसरी गोष्ट अभ्यासातली नाही, अनुभवातली आहे. जानेवारीत आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत थंडी पडते आणि सर्दीच्या गोळ्या मागायला गर्दी होते. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी एकदम तटू शकते. रात्री तटली आणि पहाटे नळी घालावी लागली, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. काकांनो, सर्दीची गोळी मागताना प्रोस्टेट आहे हे आधी सांगा. लाजू नका.

पाणी जास्त प्या हे मी इतक्या वेळा लिहिलं, म्हणून सांगणं भाग आहे. ज्यांची किडनी किंवा हृदय कमकुवत आहे, ज्यांना डॉक्टरने पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांच्यासाठी हे नाही. आणि कळ येतेय आणि सोबत थंडी वाजून ताप आहे, लघवी बंद झाली आहे, गरोदर बाईला जळजळ होते आहे, तर माडगं आणि बाटल्या बाजूला ठेवून त्याच तासाला दवाखाना गाठा. खडा अडकून वर जंतू वाढले तर जीव जाऊ शकतो.

आता विनंती. संशोधनाची बातमी देताना किती लोकांवर तपासलं, कशाशी तुलना केली, फरक किती पडला आणि पैसे कुणी दिले, या चार गोष्टी द्याव्यात. आमच्या अक्काला हे आकडे कळतात. हजारातून पंचवीस वजा करायला तिला कागद लागत नाही. जे औषध निकामी ठरलं त्यालाही तेवढीच जागा द्यावी. आपले वार्ताहर शहरभर फिरतात, त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढायच्या आधी, टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांत जाऊन दोन गोष्टी बघाव्यात: प्यायच्या पाण्याचा माठ किंवा टाकी कुठे आहे, आणि बायकांच्या मुतारीच्या दाराला कडी आहे का. जिथे आहे त्या मालकाचं कौतुक छापा, तेवढ्याने शेजारचा जागा होईल. शहरात वर्षानुवर्षं दिवसांआड पाणी येतं आणि लोक बॅरलमध्ये साठवलेलं पाणी पुरवून पुरवून पितात, हेही याच प्रश्नाचं अंग आहे. उजनी धरणाच्या पाण्याच्या बातम्या देताना कधीतरी किडनीचं नावही त्यात येऊ द्या.

त्या अक्काबद्दल विचाराल म्हणून लिहितो. शेजारणीकडून तिने संडासाच्या कुलपाची दुसरी किल्ली करून घेतली. आता ती दुपारी दोनदा उठते आणि तीनपैकी दोन बाटल्या संपवते. तिसरी जमत नाही म्हणते. दिवाळीपासून ती जळजळीसाठी आलेली नाही, परवा आली ती मुलाच्या खोकल्याचं औषध न्यायला. एका बाईवरून शास्त्र होत नाही हे मला कळतं, म्हणूनच त्या १४० बायकांची गोष्ट आपल्या दैनिकात छापून यायला हवी आहे. चौकट लहानच करा, वहीच्या पानाएवढी. माझ्या काउंटरच्या काचेखाली तेवढीच जागा आहे, आणि आमच्याकडच्या बायका दुसरं कुणी ऐकत नाहीये ना हे बघत उभ्या असतात, तेव्हा त्यांची नजर त्या काचेवरच असते.

आपला नियमित वाचक,
एक औषधविक्रेता,
अशोक चौक परिसर, सोलापूर